दहाव्या अंकातले दोन चांडाळ

‘त्यांचे ग्रंथ आपण कशाला वाचायचे?’ हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या वेळा विचारला गेलाय की आता एकदा लिहूनच उत्तर द्यावं म्हटलं. विचारणारे परके नाहीत. आपलीच पोरं आहेत, जयंतीला रात्रभर राबणारी, मोर्चात पुढं असणारी आणि सकाळी एस. टी. नं सोलापूरला जाऊन बी. ए. च्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी. त्यांच्या प्रश्नात राग आहे आणि तो राग खरा आहे. ज्या पुस्तकात आपण एकतर नाहीच, आणि असलो तर वेशीबाहेर, त्या पुस्तकावर ‘या ग्रंथाची थोरवी विशद करा’ असा प्रश्न येतो. मनापासून कोण लिहील? पोरं अपेक्षित प्रश्नसंच आणतात, पाठ करतात, ओकतात, पास होतात. ग्रंथ तसाच राहतो.

प्रश्न आताच एवढा का उसळलाय, तेही सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये युनेस्कोनं भगवद्गीता आणि भरताचं नाट्यशास्त्र जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतलं. झालं. ज्यांनी नाट्यशास्त्राचा एक अध्याय उघडला नाही त्यांनीही हार आणले. एका बाजूला हे हारवाले. दुसऱ्या बाजूला आपल्यातले काही जण, ज्यांना वाटतं मनुस्मृती जाळली म्हणजे संस्कृतातलं सगळंच एकदम जळालं, आता फक्त राख झाडायची बाकी आहे. हे दोघं एकमेकांचे वैरी आहेत खरे, पण पुस्तक दोघांनीही उघडलेलं नसतं.

आमच्या वळसंगला एका कार्यकर्त्यानं माझ्याशी वाद घालताना मोठा बिनतोड मुद्दा काढला. म्हणाला, ‘सर, आपल्या लोकांनी इथं स्वतःची विहीर खणली. बाबासाहेबांनी येऊन तिचं पाणी काढलं. त्यांच्या आडावर गेलो का आपण? मग साहित्यातबी आपली विहीर खणू की. त्यांच्या आडात कशाला डोकवायचं?’

मुद्दा जोरदार आहे. वळसंगची विहीर ही आमच्या गावाची सगळ्यात मोठी मिळकत. १९३७ च्या एप्रिलात बाबासाहेब इथं आले ते त्या विहिरीसाठी. पण त्याच सालाचा मार्च महिना या मित्रानं वगळला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं चवदार तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूनं निकाल दिला. १९२७ ला महाडला ओंजळ भरली आणि त्या ओंजळीसाठी पुढं दहा वर्षं कोर्टात भांडण चाललं. तळं सार्वजनिक, त्यावर आमचा हक्क आहे, एवढंच सिद्ध करायला. म्हणजे एका महिन्याच्या अंतरानं एकाच माणसाची ही दोन कामं आहेत. आपली विहीरही हवी आणि गावाच्या तळ्यावरचा हक्कही हवा. एक मिळाली म्हणून बाबासाहेबांनी दुसरा सोडला नाही. तळ्याचं पाणी अमृत आहे म्हणून ते महाडला गेले नव्हते. पाणी कसं आहे हे बघायचा अधिकारच नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

ग्रंथांचंही तसंच. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. हे आपल्याला पाठ आहे, भाषणात सांगतोही. पण पुढचं सांगत नाही. १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ आला, महात्मा फुल्यांना अर्पण केलेला. त्याच्या प्रस्तावनेत ते आपल्यावर येणारा आक्षेप स्वतःच मांडतात. संस्कृतावर प्रभुत्व नसलेल्या माणसानं या विषयात हात घालावा का? आणि उत्तर देतात की इंग्रजी भाषांतरांतून का होईना, पंधरा वर्षं हे वाङ्मय अभ्यासलंय, तेवढी पात्रता पुरेशी आहे. पोरांनो, हे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कारण कॉलेजात तुम्ही एखाद्या संस्कृत ग्रंथावर प्रश्न विचारलात की पहिला दगड हाच येतो. मी एम. ए. ला असताना एका प्राध्यापकांना, नाव आणि कॉलेज राहू द्या, विचारलं होतं की मृच्छकटिकाचा दहावा अंक आपण का वगळला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, ‘संस्कृत येतं का तुम्हाला?’ वर्ग हसला. त्या वर्गातल्या कुणालाच संस्कृत येत नव्हतं. हसण्याचा परवाना मात्र सगळ्यांकडं होता.

आणखी एक. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला निघालं तेव्हा त्याच्या शिरोभागी बाबासाहेबांनी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घातल्या, अर्जुनाला धनुष्य हातात घे म्हणून सांगणाऱ्या. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली. एका ग्रंथातल्या ओव्या मस्तकी आणि दुसरा ग्रंथ अग्नीला! हे त्यांना जमलं, कारण दोन्ही त्यांनी वाचले होते. काय उचलायचं आणि काय जाळायचं हे न वाचता ठरवणारा माणूस शेवटी दुसऱ्याच्या सांगण्यावरून उचलतो आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून जाळतो.

आता मूळ विषयाकडं येतो, त्या वगळलेल्या दहाव्या अंकाकडं.

वळसंगला विहारात रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण वाचायला बसतो. कॉलेजची पोरंपोरी, एक-दोन बाया, आणि ऐंशीच्या घरातले एक तात्या, जे वाचत नाहीत, ऐकतात. आम्ही मृच्छकटिक घेतलं. ‘उत्सव’ सिनेमा काही जणांनी पाहिलेला होता, तो १९८४ चा, याच नाटकावरचा. त्यामुळं वसंतसेनेचं नाव निघालं की मागची दोन पोरं एकमेकांकडं बघून हसत. लेखकाचं नाव शूद्रक. त्यावर एकजण उसळून म्हणाला, ‘म्हणजे आपला माणूस!’ नाही. नाटकाच्या सुरुवातीलाच सूत्रधार सांगतो की हा शूद्रक राजा होता आणि द्विजांतला श्रेष्ठ होता. नावावर जाऊ नये, हा पहिला धडा तिथंच झाला.

गोष्ट थोडक्यात अशी. उज्जयिनीचा चारुदत्त, गरिबीत आलेला ब्राह्मण सार्थवाह. वसंतसेना ही गणिका, तिचं त्याच्यावर प्रेम. राजाचा मेहुणा शकार तिचा गळा दाबतो, मेली समजून टाकतो आणि आळ चारुदत्तावर घेतो. नवव्या अंकात न्यायसभा. तिथं न्यायाधीश मनूचं नाव घेऊन सांगतो की ब्राह्मणाला मारता येत नाही, संपत्तीसकट हद्दपार करावं. पालक राजा ऐकत नाही, सुळावर द्या म्हणतो.

इथं थांबा. कॉलेजात या नाटकाची थोरवी सांगताना ‘सामान्य माणसाचं नाटक’ असं म्हणतात. चोर, जुगारी, गणिका, गुलाम सगळे रंगमंचावर येतात, हे खरंच आहे, आणि कालिदासाच्या राजवाड्यातून इथं आलं की मोकळा वारा लागतो हेही खरं आहे. पण या नाटकातला राजा दुष्ट आहे हे प्रेक्षकाला कशावरून कळतं? इतर कारणं आहेत, पण कळस हा, की तो मनूचं ऐकत नाही. एका निरपराध माणसाला मारतायत याचं दुःख आहेच. पण त्या दुःखाला धार येते ती, मरणारा ब्राह्मण आहे म्हणून. चारुदत्ताच्या जागी त्याच गावचा एखादा निरपराध चांडाळ असता तर न्यायाधीशाला मनू आठवला असता का? आठवला असता, पण दुसऱ्याच पानावरचा.

मग दहावा अंक. चारुदत्ताच्या गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ, खांद्यावर सूळ, आणि त्याला घेऊन निघालेले दोन चांडाळ. चौकाचौकात थांबायचं, डिंडिम वाजवायचा, याचा गुन्हा आणि याची शिक्षा पुकारायची, पुढं चालायचं. आम्ही हे वाचत होतो तेव्हा तात्या मध्येच म्हणाले, ‘ही तर दवंडी की! आमचा आजा येसकर हुता. हेच करायचा.’ विहारात एकदम सगळे गप्प. महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, पण तात्यांनी लहानपणी ती हलगी ऐकलेली. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाटकातला आवाज त्यांना कुठल्याही तळटीपेशिवाय ओळखता आला. माझ्या एम. ए. च्या वर्गात तो कुणालाच ओळखता आला नव्हता, कारण तो अंक वाचलाच नव्हता.

पात्रांच्या छापील यादीत बहुधा ‘दोन चांडाळ’ एवढंच असतं. पण ते एकमेकांना हाक मारताना नावं घेतात. गोह आणि आहीन्त. बाकी सगळ्या नगरीला ते नुसते चांडाळ, एकमेकांना मात्र नाव आहे. ज्यांनी शाळेत नावाऐवजी जातीनं हाक ऐकलीय त्यांना यात काय आहे हे मी समजावून सांगायला नको.

आणि ही माणसं बोलतात काय? ती म्हणतात, आम्ही चांडाळाच्या कुळात जन्मलो असलो तरी चांडाळ नाही, सज्जनाला जे छळतात ते पापी, तेच चांडाळ. जन्मानं नव्हे, कर्मानं. हा विचार आपल्याला कुठून ओळखीचा आहे हे सांगायला नको. तथागतांनी वृषल कोण हे सांगताना हेच म्हटलंय. म्हणजे संस्कृत नाटकाच्या ऐन पोटात, मारेकऱ्याच्या तोंडी, बुद्धाचा विचार येऊन बसलाय. तो नाटककाराला मनापासून पटला होता का टाळ्यांसाठी घातला, मला माहीत नाही. पण तो तिथं आहे, आणि अंक वगळला की तो जातो.

त्यापुढचा प्रसंग तर मला अख्ख्या नाटकात सगळ्यात मोठा वाटतो. मारायची पाळी कुणाची यावरून दोघांत घोळ चालतो. तुझी पाळी, नाही तुझी पाळी. जमिनीवर रेघा ओढून हिशेब करतात. शेवटी ज्याच्यावर पाळी येते तो म्हणतो, जरा थांबू. का? तर मरताना बापानं त्याला सांगून ठेवलंय, की पोरा, तुझी पाळी आली तर वध करायला घाई करू नको. न जाणो, एखादा भला माणूस पैसे भरून सोडवील. राजाला पोरगा होईल आणि बंदी सुटतील. हत्ती सुटून पळापळ होईल आणि त्या गडबडीत हा निसटेल. किंवा राजाच बदलेल.

हे वाचून दाखवणारी पोरगी एफ. वाय. ची. ती थांबली आणि म्हणाली, ‘सर, ह्याच्या बापानं किती जणांना मारलं असंल, तवा त्याला हे सुचलं असंल?’ मी बारा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवतोय. या नाटकावरच्या पुष्कळ प्रस्तावना वाचल्या. शूद्रकाचा काळ, भासाच्या ‘चारुदत्ता’शी नातं, विनोदाचे प्रकार, सगळं वाचलं. हा प्रश्न विचारणारी प्रस्तावना मला भेटली नाही. धंदा सोडता येत नाही, जन्मानं गळ्यात बांधलाय. हुकूम मोडता येत नाही, मोडला तर आपणच सुळावर. मग त्या धंद्याच्या आत राहून एक पिढी दुसऱ्या पिढीला काय देऊ शकते? उशीर कर, एवढंच. जमेल तेवढा उशीर कर. वारसा म्हणून दुसरं काही देता येत नाही तेव्हा बाप पोराला ही युक्ती देतो. याला कुणी ‘विनोदी विश्रांती’ म्हणत असेल तर म्हणू द्या बापडे.

तलवार उचलतो तेव्हा ती हातातून गळून पडते. तो सह्याद्रीवरच्या देवीची करुणा भाकतो, की चारुदत्त सुटला तर आम्हा चांडाळकुळावर तुझी मोठी कृपा होईल. उज्जयिनीचा चांडाळ आणि देवी सह्यवासिनी! हा माणूस आमच्या बाजूचा की काय, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. असेल किंवा नसेल, त्यावरून इतिहास रचू नये. पण एक बघा, दुसरा सुटला तर ‘आमच्या’ कुळावर कृपा, असं तो म्हणतो. मारण्याच्या पापातून सुटका त्याला हवी आहे.

आता यातलं कडू. पोराचं तोंड शेवटचं बघावं म्हणून चारुदत्त या चांडाळाकडं मागणं मागतो. मागण्यासाठी तो दान घेण्याचा शब्द वापरतो. तेव्हा चांडाळच चकित होतो, आमच्या हातून तू घेणार? आणि चारुदत्त लगेच ‘शांतं पापम्’ म्हणून सावरतो. मरणाच्या दारात उभा असलेला, सद्गुणांचा पुतळा असलेला हा माणूस. खांद्यावर सूळ आहे, तरी विटाळाचा हिशेब चुकत नाही. पोराला द्यायला त्याच्याकडं काही उरलेलं नाही, म्हणून तो त्याला जानवं देतो.

आणि आपल्या लोकांचंही कडू आहे, ते लपवायचं नाही. शकाराचा गुलाम स्थावरक साखळदंडानं बांधलेला असतो. त्याला सत्य ठाऊक आहे. तो वरून उडी टाकतो, धावत येतो, ओरडून सांगतो की खून माझ्या मालकानं केला. शकार म्हणतो, ह्यानं सोनं चोरलं, मी बडवला, म्हणून बरळतोय. चांडाळ कुणावर विश्वास ठेवतात? मालकावर. मार खाल्लेला चाकर काय वाट्टेल ते बोलणारच, म्हणतात. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितलं ते इथं उभं आहे, माणसाच्या रूपात. ज्याला स्वतःला कुणी माणूस मानत नाही, तोही आपल्या शेजारच्या गुलामाची साक्ष धरत नाही. नाटकातल्या सगळ्या खलनायकांपेक्षा या एका ओळीचा मला जास्त त्रास झाला.

शेवट बघा. वसंतसेना जिवंत येते. राजा पालक मारला जातो, आर्यक गादीवर बसतो, हा गवळीवाड्यात वाढलेला पोरगा. म्हणजे खरोखरची राज्यक्रांती! मग बक्षिसं वाटली जातात. गणिकेला ‘वधू’ हा मान मिळतो. स्थावरक गुलामीतून मोकळा होतो. जुगारातून भिक्षू झालेला संवाहक सगळ्या विहारांचा प्रमुख होतो. आणि ते दोन चांडाळ? त्यांना सगळ्या चांडाळांचे अधिपती करतात.

संपलं. राज्य बदललं, दास अदास झाला, गणिका वधू झाली. चांडाळ मात्र चांडाळच राहिला, फक्त मोठा चांडाळ झाला. हे ऐकल्यावर आमच्या त्या विहीरवाल्या मित्रानं, जो ‘काय वाचलालाव बे तुम्ही’ म्हणत पाय आपटत आला होता, पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, ‘म्हणजे आपल्यातल्या एकाला पद द्यायचं, आन् वाडा तिथंच ठेवायचा.’ पुढं त्यानं ज्या मंडळांची, समित्यांची आणि पक्षांच्या सेलांची नावं घेतली ती मी छापत नाही. तुम्हाला ती माहीत आहेत.

मी हे सांगतोय ते मृच्छकटिक वाईट नाटक आहे म्हणून नाही. ते फार मोठं नाटक आहे. मोठं यासाठी, की लिहिणाऱ्याला दिसत होतं त्याच्या पलीकडचंही त्यात शिरलंय. बापाचा उपदेश लिहिताना त्याला बहुतेक गंमतच करायची असेल. पण लिहिला. आपल्याला तो आपल्या कानांनी ऐकता येतो. भाषेचंच बघा. चारुदत्त संस्कृतात बोलतो. चांडाळ प्राकृतात, त्यातल्या त्यात हलक्या गणलेल्या बोलीत, तिचं नावच टीकाकारांनी चांडाली ठेवलं. छापील पुस्तकात त्या प्राकृताखाली संस्कृत ‘छाया’ देतात, आणि विद्यार्थी वाचतो ती छाया. मग भाषांतरकार त्या छायेवरून सदाशिवपेठी मराठी करतो. म्हणजे गोहाचा आवाज दोनदा धुऊन आपल्यापर्यंत येतो. आम्ही विहारात शेवटी तो प्रवेश आपल्या बोलीत म्हटला. ‘पोरा, तुजी पाळी आली तर गडबड करू नगंस.’ तात्यांनी मान हलवली.

नाट्यशास्त्राबद्दल थोडं, कारण ते आता पेपराला आहे. वर्गात रससूत्र शिकवतात, नऊ रसांचा तक्ता फळ्यावर काढतात. मूळ भरताचे आठच, नववा शांत मागाहून बसवला, पण असो. पहिला अध्याय मात्र वाचा. तिथं कथा आहे की शूद्रांना वेद ऐकता येत नाहीत, म्हणून ब्रह्मदेवानं सगळ्या वर्णांसाठी हा पाचवा वेद केला. हारवाले एवढ्यावर थांबतात आणि म्हणतात, बघा, केवढी समता! पान उलटा. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह बांधायचं आहे. त्याचे खांबही ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र असे वर्णावर वाटलेले. आणि पायाभरणीच्या वेळी कुणाला तिथून हाकलायचं? पाखंडी, काषाय वस्त्र घातलेले आणि विकलांग. काषाय वस्त्र कोण घालत होतं? सगळ्यांसाठीचा पाचवा वेद, आणि त्याच्या मंडपाच्या पायाशी चिवरधाऱ्याला धक्का. हे दोन अध्याय शेजारी शेजारी आहेत. परीक्षेत एकाच उत्तरात दोन्ही लिहा. कोण मार्क कापतो बघू.

हा आजार फक्त इकडचा आहे असंही समजू नका. इंग्रजीच्या वर्गात ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र शिकवतात. त्यात पात्र चांगलं असावं हे सांगताना तो म्हणतो की बाई आणि गुलामसुद्धा चांगले असू शकतात, जरी बाई कमी प्रतीची आणि गुलाम तर अगदीच कुचकामी. हे वाक्य शिकवताना इंग्रजीच्या मास्तरांना नेमका खोकला येतो.

आणि आता आपली पुस्तकं. ‘बलुतं’ १९७८ चं, ‘अक्करमाशी’ १९८४ चं, ‘उचल्या’ १९८७ चं. ही आता अभ्यासक्रमात थोर ग्रंथ झाली आहेत. शरणकुमार लिंबाळे तर शेजारच्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, २०२० चा सरस्वती सन्मान त्यांना मिळाला. आनंदच आहे. पण वर्गात त्यांचं काय होतं? वेदना, विद्रोह, नकार. हे तीन शब्द फळ्यावर लिहायचे, प्रत्येकाखाली दोन अवतरणं. संपलं दलित साहित्य! चोखोबाला ‘भक्तिरस’ म्हणून गुंडाळलं, तसंच. मंगळवेढा इथून काही लांब नाही. तिथं कुसू बांधण्याच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गाडला गेला. ज्या कुसाच्या आत त्याला घर नव्हतं तेच कुसू बांधताना. त्याच्या अभंगांच्या तासाला हे ‘संतचरित्र’ म्हणून दोन मिनिटांत उरकतात. बाबासाहेबांनी १९४८ ला ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांना चोखोबात नुसता भक्तिरस दिसला असता तर केला असता का? हारवाल्यांना नावं ठेवताना आपणही आपल्या पुस्तकांना हारच घालतोय का, हे एकदा तपासा. ‘अक्करमाशी’तली भाषा कुठं थबकते, लेखक आईबद्दल लिहिताना काय गाळतो, काय दोनदा सांगतो, हे विचारणारा विद्यार्थी मला हवा आहे. तो विद्यार्थी दहाव्या अंकावर तयार होतो. जो गोहाची पाळी वाचू शकतो तो दया पवारांचं पानही नीट वाचू शकतो.

शेवटची हरकत घरची. ‘आर्ट्सला जाऊन काय दिवे लावणार? आय. टी. आय. कर, हाताला काम येईल.’ आईबाप म्हणतात तेव्हा त्यात पोटाची काळजी असते, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण तेच वाक्य व्यासपीठावरून, आपल्या भल्याचं म्हणून, सांगितलं जातं तेव्हा कान टवकारा. अमेरिकेत हा वाद शंभर वर्षांपूर्वी झालाय. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत होते की काळ्यांनी हातकाम शिकावं, बाकीचं सध्या राहू द्यावं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या पुस्तकात त्यांना जाहीर विरोध केला. उच्च विद्येचा, थोर ग्रंथांचा वाटा आम्ही सोडणार नाही, हा त्यांचा मुद्दा. याच ड्यू बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. आणि त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ, १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं. तिथं साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास शिकवायची सोय त्यांनी केली. पुढं म. ना. वानखेडे अमेरिकेतून काळ्यांचं साहित्य डोक्यात घेऊन तिथं आले. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ त्याच शहरातून निघालं. आर्ट्सच्या त्या वर्गांतून काय निघालं ते आपण सगळे वाचतोच आहोत.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला अभ्यासक्रम ठरवता येत नाही. कुठला अंक वगळायचा ते वरून येतं. रविवार मात्र आपला आहे. येत्या महिन्यात विहारात नाट्यशास्त्राचे पहिले दोन अध्याय मराठी भाषांतरातून वाचायचे आहेत, त्यानंतर कर्ममेळ्याचे अभंग, बापापेक्षा जास्त भांडणारे. झेरॉक्सच्या प्रती सातच निघाल्यात, दोघांत एक घ्यावी लागेल. मोठ्यानं वाचायची पाळी कुणाची, हे तिथंच ठरवू. वाचताना अडखळलं तरी चालतं. तात्या सकाळी आठालाच येऊन बसतात.